आतला काठ

शिवरंजनी शाळेच्या फाटकातून आत आली तेव्हा मल्लिनाथ सर तिला हॉलकडं न नेता आधी प्रयोगशाळेत घेऊन गेले. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी प्रयोगशाळेची एक किल्ली अजून त्यांच्याच खिशात असायची. त्यांनी खिडक्या उघडल्या आणि समोरच्या भिंतीकडं हात केला.

भिंतीवर तिचा आलेख रंगवला होता. काळ्या पट्ट्यावर पिवळी रेघ, खालीवर थरथरत गेलेली, आणि मध्ये एकाच जागी उंच उभी राहिलेली. त्या उंचवट्याखाली ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, ‘सेकंदाला सत्तर ठोके’. त्याच्या खाली तिचं नाव, गाव आणि दहावीचं वर्ष.

“बरोबर आलंय का बघ,” सर म्हणाले. “आकडे तुझ्या लेखातनंच घेतलेत. चित्रकलेच्या सरांना दोनदा पुसून काढायला लावलं मी.”

“बरोबर आलंय सर,” ती म्हणाली.

रंगवणाऱ्यानं कुठंच चूक केली नव्हती. चूक लेखात होती, आणि हे तिला बारा दिवसांपासून पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं त्या भिंतीसमोर उभं राहून सरांना मोबाइलवर आपले दोन फोटो काढू दिले.

शिवरंजनी मुरुमच्या वीरप्पांची थोरली लेक. घरी तूर-सोयाबीनची शेती. शाळा गावात, कॉलेज उमरग्याला, मग पुण्यात एम.एस्सी., तिथंच पीएच.डी., आणि आता एका संशोधन संस्थेत कराराची नोकरी. वय पस्तीस. पुण्यात नेमकं काय करतेस असं गावात कुणी विचारलं की ती सोपं करून सांगायची. आकाशात एक तारा आहे, त्याच्या शेजारी एक कृष्णविवर आहे. विवर ताऱ्याच्या अंगावरचा वायू ओढून घेतं. तो वायू सरळ आत पडत नाही, गोल गोल फिरत, एकमेकांवर घासत, तापत तापत आत जातो. इतका तापतो की त्यातून क्ष-किरण निघतात, आणि ते पृथ्वीभोवती फिरणाऱ्या दुर्बिणीला दिसतात. गंमत अशी की ते सारखे दिसत नाहीत, लुकलुकतात. कधी वेडेवाकडे, कधी ठेक्यात. ते तसे का लुकलुकतात, हे काढायचं तर विवराजवळ जाऊन बघता येत नाही. म्हणून संगणकात वायू सोडायचा, त्याला भौतिकशास्त्राचे नियम लावायचे, आणि तो कसा वाहतो ते बघायचं. यालाच मॉडेल म्हणायचं, आणि ते एकदा चालवलं की एक ‘रन’.

अडीच वर्षांपूर्वी तिच्या मॉडेलमधला वायू सेकंदाला सत्तर वेळा लुकलुकला. दुर्बिणीनं एका खऱ्या विवराजवळ जवळपास तेवढेच ठोके मोजलेले होते. तिनं लेख लिहिला, तो चांगल्या ठिकाणी छापून आला, परदेशातून पत्रं आली. दीड महिन्यापूर्वी जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात बातमी आली, ‘मुरुमच्या लेकीनं ऐकला कृष्णविवराचा ठोका’. त्या बातमीपायीच आजचा सत्कार होता.

हॉलमध्ये सतरंज्यांवर पोरं-पोरी बसली होती. पुढच्या खुर्च्यांवर शिवरंजनीचे अप्पा वीरप्पा, धुवट सदरा घालून, आणि शेजारी अव्वा, म्हणजे तिची आई प्रेमाबाई. मल्लिनाथ सर ओळख करून द्यायला उभे राहिले. ते लांबण लावणारे नव्हते. त्यांनी एकच आठवण सांगितली.

“नववीत हिच्या वर्गाला लंबकाचा प्रयोग होता. गुरुत्वाचा आकडा नऊ पूर्णांक आठ यायला पाहिजे, हे पुस्तकात आधीच छापलेलं. सगळ्या वर्गाच्या वहीत नऊ पूर्णांक आठच आलं. हिच्या एकटीच्या वहीत आठ पूर्णांक सात. मी म्हणलं, चुकलीस तू. ती म्हणाली, सर, आलं तेच लिहिलंय. मग मी जाऊन बघितलं तर दोऱ्याची गाठ सैल होती, दोरा सरकत होता. बाकीच्यांच्या दोऱ्याच्या गाठी काही लई घट्ट होत्या असं न्हाय. त्यांनी पुस्तकातलं लिहिलं होतं.”

पोरं हसली. वीरप्पांनी मान वळवून मागं बघितलं, सगळ्यांनी ऐकलं ना याची खात्री करून घेतली. आता उठावं, माइक हातात घ्यावा आणि सांगून टाकावं, असं शिवरंजनीला वाटलं. माइक तिच्या हातात आलाही. तिनं तयार करून आणलेलं भाषण सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटलं, कृष्णविवराचा ठोका कसा सापडला ते सांगितलं, टाळ्या घेतल्या, शाल घेतली, नारळ घेतला.

दुपारी घरी अव्वानं शेंगाच्या पोळ्या केल्या होत्या. आळंदहून मावशी आली होती. वीरप्पा प्रत्येकाला ती लंबकाची गोष्ट परत सांगत होते, आणि दर वेळी त्यांच्या गोष्टीत मल्लिनाथ सर जरा जास्त ओशाळत होते. शिवरंजनीनं अर्धी पोळी तशीच ठेवली. डोकं दुखतंय म्हणून ती आत जाऊन पडली. डोळे मिटले की तिला राजनंदिनी दिसत होती.

राजनंदिनी भूम तालुक्यातल्या ईटची. तीन वर्षांपूर्वी एम.एस्सी. करून ती प्रकल्प सहायक म्हणून शिवरंजनीच्या हाताखाली आली. एकाच जिल्ह्यातल्या निघाल्या म्हणून पहिल्याच दिवशी ‘मॅडम’ची ‘ताई’ झाली. पोरगी शांत, पण हातात घेतलेलं सोडायची नाही. लेख छापून आल्यावर काही महिन्यांनी शिवरंजनीनं तिला तेच मॉडेल सरावासाठी चालवायला दिलं. राजनंदिनीनं ते चालवलं, आणि कुणी सांगितलं नसताना त्यातली एक गोष्ट बदलून बघितली.

ती गोष्ट अशी. संगणकातल्या वायूला कुठंतरी हद्द घालावी लागते, बाहेरून एक आणि आतून एक. आतला काठ खरं तर विवराच्या तोंडाच्या आत पाहिजे, कारण तिथून पुढं गेलेलं काहीच मागं येत नाही, त्यामुळं काठावर काय घडतंय याचा बाहेर परिणाम व्हायचा प्रश्नच उरत नाही. पण तोंडाजवळ शिवरंजनीची जुनी गणितं अडखळायची, फार वेळ खायची. म्हणून तिनं आतला काठ तोंडाच्या किंचित बाहेर ठेवला होता. राजनंदिनीनं तो काठ थोडा आत सरकवला. सेकंदाला सत्तर ठोके होते ते ब्याऐंशी झाले. आणखी थोडा सरकवला, एक्याण्णव झाले. खऱ्या विवराचा ठोका आपण काठ कुठं आखतो त्यावर कशाला बदलेल? म्हणजे वायू तिनं आखलेल्या काठावरच आपटत होता, थोडा मागं फिरत होता, आणि त्याचाच ठेका लागत होता. आकाशात तिथं आपटायला काहीच नाही.

गटाच्या बैठकीत राजनंदिनीनं हे दबकत दबकत मांडलं. गटाच्या प्रमुख निवेदिता मॅडम, आणखी सहा-सात जण समोर बसलेले. मॅडमनी शिवरंजनीकडं बघितलं. शिवरंजनी म्हणाली, “राजनंदिनीची सेटिंग चुकलीय. नवीन आहे ती. मी तिच्याबरोबर बसून बघते.” सगळ्यांनी मान हलवली आणि बैठक पुढच्या विषयावर गेली. शिवरंजनी तिच्याबरोबर कधीच बसली नाही.

त्या पावसाळ्यात राजनंदिनीनं पीएच.डी.साठी चार ठिकाणी अर्ज केले. शिफारसपत्र शिवरंजनीनं लिहिलं. हुशार आहे, कष्टाळू आहे, असं लिहिलं आणि पुढं एक वाक्य घातलं, ‘संगणकीय कामात मात्र घाई करते, तिचे निष्कर्ष तपासून घ्यावे लागतात.’ हे वाक्य का घातलं, ते तिनं त्या वेळी स्वतःला विचारलं नाही. चारही ठिकाणी राजनंदिनीचं काम झालं नाही. तिची मुदत संपली, ती ईटला परत गेली. भूममध्ये एका क्लासमध्ये शिकवते, एवढंच नंतर कानावर आलं.

बारा दिवसांपूर्वी संस्थेत नवा, मोठा संगणक सुरू झाला. शिवरंजनीनं नव्या गणितानं, काठ विवराच्या तोंडाच्या आत ठेवून, मॉडेल परत चालवलं. रेघ खालीवर थरथरत गेली. उंचवटा कुठंच नव्हता.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी आठला ती मल्लिनाथ सरांच्या घरी गेली. सर ओसरीवर बसून शाळेच्या वाचनालयाच्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालत होते. त्यांनी तिला पाट सरकवला.

“सर, त्या भिंतीवरचं चूक आहे,” ती म्हणाली.

“कालच सांगायचं की. माप चुकलं का?”

“माप नाही सर. सगळंच.”

सरांनी कात्री खाली ठेवली. तिनं सांगायला सुरुवात केली. काठाचं सांगितलं, आपटून मागं फिरणाऱ्या वायूचं सांगितलं. सरांनी मध्ये एकच शंका काढली.

“विवरात गेलेलं परत येत न्हाय म्हणतात ना?”

“येत नाही. माझ्या मॉडेलात येत होतं.”

“हे कधी कळालं तुला?”

“पक्कं बारा दिवसांपूर्वी.”

“आन कच्चं?”

समोर खाकी कागदाचे कपटे पडले होते, ती ते बोटानं गोळा करत राहिली. मग तिनं राजनंदिनीचं सांगितलं. बैठकीतलं आणि शिफारसपत्रातलं, दोन्ही. आत सरांच्या घरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

“तरी काल शाल घेतलीस,” सर म्हणाले.

“हो.”

“म्या ती लंबकाची गोष्ट सांगितली तवा काय वाटलं?”

“सर, नका विचारू.”

“बरं, न्हाय विचारत.” त्यांनी कात्री परत उचलली, एक कागद सरळ रेषेत कापला. “पण मला एक सांग, हे पहिलं माझ्याकडं का आलीस? मी काय तुझा लेख छापला न्हाय. मला सांगितलंस की तुझं मन हलकं होणार. त्या पोरीचं काय होणार त्यानं?”

तिनं गोळा केलेले कपटे पाटाशेजारी ठेवले.

“कुठं असते ती?”

“ईटला. भूम तालुक्यात.”

“मग एसटी बघ. भिंतीचं मी बघतो.”

सर तिला सोडायला फाटकापर्यंत आले नाहीत. एरवी ते कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत यायचे.

घरी येऊन तिनं राजनंदिनीला मेसेज केला, ‘उद्या ईटला येऊ का? बोलायचं आहे.’ दोन तासांनी उत्तर आलं, ‘या.’ अप्पांना तिनं एवढंच सांगितलं की जुन्या विद्यार्थिनीला भेटायला जातेय. वीरप्पांना त्याचंही कौतुक वाटलं. “येवढी मोठी झाली तरी पोरींना इसरली न्हाय,” असं ते मावशीला म्हणाले, आणि ते शिवरंजनीनं भिंतीपलीकडून ऐकलं.

सोमवारी सकाळी सातच्या गाडीनं ती निघाली, पुढं परस्पर पुण्याला जायचं म्हणून बॅग घेऊनच. धाराशिवला गाडी बदलली, भूमला उतरून जीपमध्ये बसली. वाटेत तिनं काय बोलायचं ते मनात दहा वेळा जुळवलं. एक वाक्य तिला चांगलं सापडलं होतं, ‘त्या वेळी मला खात्री नव्हती.’ हे वाक्य खोटं नव्हतं. खात्री खरंच नव्हती. ते वाक्य हाताशी आहे म्हटल्यावर तिला जीपमध्ये जरा बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीही लाज वाटली.

राजनंदिनीचं घर गावाच्या कडेला होतं. घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये खव्याची भट्टी. मोठ्या लोखंडी कढईत दूध आटत होतं आणि राजनंदिनी लांब दांड्याच्या उलथन्यानं ते सारखं ढवळत होती. तिनं डोक्याला रुमाल बांधला होता. शिवरंजनीला बघून ती थांबली नाही, नुसती मान हलवली.

“बसा मॅडम. हे सोडता येत नाही, खाली लागतं.”

पुण्यात होती तोवर ती ‘ताई’ म्हणायची.

तिची आई मथुराबाई लगबगीनं बाहेर आली. तिनं शिवरंजनीला बसायला खाट दिली, पाणी दिलं, चहा दिला, आणि समोर जमिनीवर मांडी घालून बसली.

“तुमीच व्हय त्या मॅडम? लई नाव घ्यायची तुमचं. म्हणायची, आपल्याच जिल्ह्याच्या हायत, थोरल्या बहिणीवानी शिकवत्यात. औंदा लागंल का हो हिचा नंबर? मागल्या साली कसं राह्यलं काय ठावं. म्या म्हणलं, मॅडमनी चांगली चिठ्ठी लिवून दिल्यावर का बरं घेत न्हाईत लोकं?”

शिवरंजनीनं हातातली कपबशी खाली ठेवली.

“आई,” राजनंदिनी म्हणाली, “दूध घेऊन आलेत बघ बाहेर. तू तिकडं बघ.”

मथुराबाई उठून गेली. शेडमध्ये जाळाचा आणि उलथन्याचा आवाज तेवढा राहिला.

“काठ आत सरकवलात?” राजनंदिनीनं विचारलं. नजर कढईतच.

“हो.”

“तोंडाच्या आत?”

“हो. ठोका गेला. काहीच राहिलं नाही.”

“न्हायच राहणार.”

“तू बरोबर होतीस, राजनंदिनी.”

“ते मला माहीत आहे.” तिनं बाजूला चिकटलेलं खरवडून मध्ये ओढलं. “आता माहीत आहे. पहिलं वर्षभर माहीत नव्हतं. घरी येऊन मी माझी सेटिंग तपासत बसले. प्रत्येक ओळ. जुन्या लॅपटॉपवर लहान लहान गणितं लावायची, एकेक दोन दोन दिवस चालायचं. मला वाटायचं, ताई म्हणतात म्हणजे माझंच कुठंतरी चुकलं असणार. आपल्याला जमत नाही असंच धरून चालले होते मी. एका ठिकाणी मुलाखतीला बोलावलं होतं ना, तिथं एक सर म्हणाले, तुमच्या मार्गदर्शकांनीच लिहिलंय की तुमचं काम तपासून घ्यावं लागतं. मी म्हणलं, हो सर, घाई होते माझी. मीच म्हणलं असं.”

शिवरंजनीनं कपबशी खाटेखाली सरकवली.

“मॅडम, एकच विचारते. बैठकीत तुम्ही म्हणालात, सेटिंग चुकलीय. तेव्हा तुम्हाला माहीत होतं का?”

ते वाक्य जिभेवर आलं. ‘त्या वेळी मला खात्री नव्हती.’ शिवरंजनीनं तोंडही उघडलं. राजनंदिनीनं पहिल्यांदाच वर बघितलं होतं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उत्तर ‘नाही’ असावं अशी आस होती, आणि ती बघून शिवरंजनीला ते वाक्य म्हणता येईना.

“होतं,” ती म्हणाली. “लेख पाठवायच्याही आधी मी एकदा काठ सरकवून बघितला होता. ठोका हलला. मी म्हटलं, हा रन बिघडलाय. तो पुसून टाकला. कुणाला सांगितलं नाही. तू बैठकीत बोललीस तेव्हा पहिल्यांदा मला तोच आठवला.”

राजनंदिनीचा हात थांबला. क्षणभरच, पण कढईतून करपल्याचा वास आला. तिनं घाईनं ढवळायला सुरुवात केली, मग जाळातली दोन लाकडं बाहेर ओढली. खवा तळाला लागलाच होता. तपकिरी खपल्या वर आल्या.

“मला वाटत होतं, तुम्ही चुकलात,” ती म्हणाली. “चुकलं तर चुकलं, कुणाचंही चुकतं. असं मी आईलाही म्हणले असते कधीतरी.”

“मला माफ कर,” शिवरंजनी म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

“रडू नका. आईला कळंल.”

शिवरंजनीनं पदरानं तोंड दाबून धरलं. बाहेर मथुराबाई कुणाशी तरी हसून बोलत होती.

“लेख मागं घेतेय मी,” जरा वेळानं ती म्हणाली. “कारणासकट. चूक तुला सापडली होती हे लिहिणार. आणि नवीन निकालाचा लेख होईल, त्यात पहिलं नाव तुझं.”

“नको.”

“ते तुझंच आहे.”

“माझं आहे म्हणूनच नको. तुमच्या नावाशेजारी मला माझं नाव नको. ते पत्र ज्यांना ज्यांना पाठवलंत, त्या चौघांना दुसरं पाठवा. त्यात काय केलंत ते लिहा. घाई करते, ते मी करत नव्हते, एवढं लिहा. बाकी मला काही नको.” ती करपलेल्या खपल्या एकेक वेचून बाजूला टाकत होती. “आणि माफीचं म्हणाल तर मला ते जमंल का न्हाय, माहीत न्हाय. आत्ता तर न्हाय जमत. तुमची परतीची गाडी भूमहून तीनला आहे. जीप चौकातनं मिळंल.”

शिवरंजनी उठली. दारातून जाताना मथुराबाईनं तिच्या हातात खव्याचा पुडा ठेवला. जेवल्याशिवाय चालल्या म्हणून हळहळली, पोरीकडं ध्यान असू द्या म्हणाली. नको म्हणायलाही शिवरंजनीला तोंड नव्हतं. तो पुडा तिनं धाराशिवच्या स्टँडवर बाकावर ठेवला आणि पुण्याच्या गाडीत बसली. मग गाडी सुटताना उतरून परत जाऊन घेतला. टाकून देण्याचाही हक्क आपल्याला नाही, असं तिला वाटलं.

पुण्याला पोचल्यावर सकाळी ती निवेदिता मॅडमच्या खोलीत गेली आणि दार लावून सगळं सांगितलं, पुसलेल्या रनसकट. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चूक झाली एवढं लिहिलं तरी चालेल, त्या म्हणाल्या. रन पुसल्याचं लिहायलाच पाहिजे असं नाही, गटाचंही नाव आहे. शिवरंजनी म्हणाली, “मॅडम, मला ते लिहावंच लागेल.” मॅडमनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. त्या दिवसानंतर जेवणाच्या टेबलावर त्यांच्याशेजारची खुर्ची तिच्यासाठी राखलेली दिसली नाही.

लेख मागं घेतल्याची सूचना दोन महिन्यांनी छापून आली. सात ओळींची होती. चारही पत्रं तिनं त्याआधीच पाठवली होती. प्रत्येक पत्र लिहिताना तिला वाटायचं, आता तिसरं-चौथं तरी सोपं जाईल, पण ‘माहीत असूनही’ हे दोन शब्द आले की हात तिथंच अडायचा. दोन ठिकाणांहून उत्तर आलं नाही. एका ठिकाणाहून दोन ओळींची पोच आली. चौथ्या ठिकाणच्या प्राध्यापकांनी फोन केला आणि विचारलं, “ती मुलगी सध्या कुठं आहे?”

अप्पांना तिनं फोनवर सांगितलं. विवराचं त्यांना फारसं कळलं नाही. शिफारसपत्राचं मात्र लगेच कळलं.

“लेकराचं वंगाळ लिवलंस?” त्यांनी विचारलं.

“हो अप्पा.”

“का गं?”

तिनं सांगितलं. मग वीरप्पा म्हणाले, “बरं. ठेव.” पुढचे आठ दिवस फोन अव्वानंच उचलला.

संस्थेनं तिचा करार वर्षभरच वाढवला, तोही शिकवण्याच्या कामासाठी. ती नव्या विद्यार्थ्यांना संगणकीय गणितं शिकवू लागली. हद्दीच्या धड्याला ती आपलाच लेख उदाहरण म्हणून घ्यायची. शब्द सगळे पाठ झाले, तरी ‘रन पुसून टाकला’ हे सांगताना ती दर वेळी फळ्याकडं वळायची.

दीड वर्षानं हैदराबादला एक कार्यशाळा होती. कार्यक्रमपत्रिकेत दुसऱ्या दिवशी राजनंदिनीचं नाव होतं, त्या चौथ्या ठिकाणच्या संस्थेच्या नावासकट. शिवरंजनी मागच्या रांगेत बसली. राजनंदिनी बोलायला उभी राहिली आणि सावकाश, शब्द मोजून बोलली. वायूतले चुंबकीय धागे तुटताना क्ष-किरण कसे भडकतात, त्यावर तिचं काम होतं. काठाचा उल्लेख तिनं एका वाक्यात केला, पूर्वी काही लेखांत काठामुळं खोटे ठोके आले होते, असं म्हणाली आणि पुढं गेली. कुणाचं नाव घेतलं नाही. प्रश्नांना तिनं नीट उत्तरं दिली. एकाला ‘हे मला अजून माहीत नाही’ असं सरळ सांगितलं.

चहाच्या वेळी शिवरंजनी कोपऱ्यात उभी होती. भेटायला जावं की न जावं, तिचं ठरत नव्हतं. राजनंदिनीच चालत आली.

“नमस्कार मॅडम.”

“नमस्कार. छान झालं.”

“वायू थंड होण्याची जी ओळ आहे ना,” राजनंदिनी म्हणाली, “तुम्ही ती जुन्या मॉडेलात कशी घातली होती? माझं गणित तिथं फार सावकाश चालतंय.”

शिवरंजनीनं सांगितलं. कागद नव्हता म्हणून राजनंदिनीनं कागदी कपावरच पेननं समीकरण लिहून घेतलं, एक चिन्ह चुकलं ते शिवरंजनीनं दाखवलं, तिनं खोडून नीट केलं. पाच-सात मिनिटं दोघी उभ्यानं बोलल्या. मग पलीकडून कुणीतरी तिला हाक मारली.

“आई बरी आहे?” शिवरंजनीनं विचारलं.

“बरी आहे,” राजनंदिनी म्हणाली. “तिला मी काही सांगितलं नाही.”

ती आपल्या बरोबरच्यांकडं गेली आणि त्यांच्या घोळक्यात मिसळली. शिवरंजनीला वाटलं होतं, कधी अशी भेट झाली तर मनावरचं ओझं थोडं तरी उतरेल. ते उतरलं नाही. मथुराबाई अजून मॅडमचं नाव चांगलंच घेत असेल, हे नवीन कळलेलं घेऊन ती पुढच्या व्याख्यानाला जाऊन बसली.